वाडीवाडीतले राउटर: एसएनएमपी लावावं की टीआर-०६९?

गुहागर-दापोलीकडे वाड्यांत फायबर नेणारे छोटे ऑपरेटर वाढलेत आणि ऑफिसात बसून राउटरवर नजर कशी ठेवायची, हा प्रश्न त्यांना पडतोच. एसएनएमपी म्हणजे सर्व्हरने यंत्रांची विचारपूस करायची पद्धत, टीआर-०६९ म्हणजे ग्राहकाच्या घरचा राउटर दुरून सांभाळायची. माझं मत आधीच सांगतो: पहिला पैसा एसएनएमपीवर घाला. टीआर-०६९ मागाहून.

आपल्याकडे पावसाळ्यात यंत्र बिघडतं कमी, लाईट जाते जास्त. एसएनएमपीत तुमचा सर्व्हर दर काही मिनिटांनी प्रत्येक यंत्राला यूडीपीच्या (पोच न मागता निरोप धाडायची रीत) १६१ क्रमांकाच्या पोर्टवर विचारतो: आहेस का, डेटा किती गेला, तुझ्यावरची कुठली जोडणी पडलीय? उत्तर आलं नाही, तर तीच बातमी. यंत्र स्वतःहून १६२ वर ट्रॅप, म्हणजे इशाऱ्याचा निरोपही पाठवतं, पण नुसत्या ट्रॅपवर विसंबू नका. त्याची पोच मिळत नाही, आणि लाईट गेलेला राउटर कळवणार तरी कसा? नेटवर्क कार्ड असलेला यूपीएस याच प्रोटोकॉलने बॅटरी किती उरली तेही सांगतो. भर पावसात रात्री शृंगारतळीहून आबलोलीला माणूस धाडायचा की सकाळपर्यंत थांबायचं, हे त्या आकड्यावरून ठरतं.

एक खाचखळगा आहे. १ जीबीपीएसची लिंक भरून वाहत असेल तर गेलेला डेटा मोजणारा ३२ बिटांचा काउंटर साधारण ३४ सेकंदांत फिरून शून्यावर येतो. पाच मिनिटांनी विचारलंत तर आलेख धादांत खोटा. ६४ बिटांचाच काउंटर वाचा. एसएनएमपीच्या पहिल्या आवृत्तीत तो नाहीच.

हेच एसएनएमपी ग्राहकाच्या घरात मात्र डोकेदुखी. आजी झोपताना बटण बंद करते, चाकरमान्यांची घरं गणपती-शिमगा सोडून कुलुपात. रोज रात्री खोट्या अलार्मची रांग लागेल. तिथे २००४ साली आलेलं टीआर-०६९ शोभतं: राउटर चालू झाला की स्वतःच सर्व्हरला हाक मारतो, नॅटच्या आड (बाहेरून थेट गाठता येणार नाही असा) असला तरी. वायफायचा पासवर्ड, पीपीपीओईचं (इंटरनेट जोडणीच्या लॉगिनचं) युजरनेम, फर्मवेअर म्हणजे राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर, सगळं ऑफिसातून. गणपतीच्या आदल्या दिवशी याची किंमत कळते.

सुरक्षेत दोघांनाही मोकाट सोडू नये. एसएनएमपीच्या व्ही-२सी या आवृत्तीमध्ये कम्युनिटीचा शब्द, म्हणजे पासवर्डच, उघडाच जातो, आणि कित्येक ठिकाणी तो अजून ‘पब्लिक’च असतो! व्ही-३ ही आवृत्ती घ्या, ओळखही तपासली जाते, मजकूरही कुलूपबंद. टीआर-०६९ चा ७५४७ पोर्ट फक्त तुमच्या सर्व्हरसाठी उघडा ठेवा. नोव्हेंबर २०१६ मध्ये याच पोर्टवरच्या हल्ल्याने जर्मनीत डॉइच टेलिकॉमचे सुमारे ९ लाख ग्राहक अडकले होते.

सॉफ्टवेअरचा खर्च सबब नाही. लिब्रेएनएमएस, झॅबिक्स आणि टीआर-०६९ साठी जिनीएसीएस फुकट मिळतात. ओएलटी (सगळ्या ग्राहकांचं फायबर जिथे येऊन मिळतं ते ऑफिसातलं यंत्र) घेताना मात्र व्ही-३ चालतं का, ते विक्रेत्याला विचारून घ्या. नसेल तर व्यवस्थापनाचं व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) वेगळं काढा आणि व्ही-२सी त्याच्याबाहेर जाऊ देऊ नका. टीआर-०६९ चा सर्व्हर, पासवर्ड बदलून द्यायलाच एक माणूस दिवसभर गुंतायला लागला, की उभारा.