पुडीतलं ‘जनुक’ आणि माझे गेलेले टोमॅटो

दुपारी टोमॅटोची झाडं मान टाकायची आणि संध्याकाळी पुन्हा सावरायची. पाणी कमी पडतंय असं वाटून मी पाणी वाढवलं. तिथेच पहिलं चुकलं. चार दिवसांनी झाडं सावरेनाशी झाली. पानं पिवळी पडायचीही वाट न बघता हिरवीच्या हिरवी वाळायला लागली. त्याच आठवड्यात शेतीऔषधं विकणारा एक प्रतिनिधी बांधावर आला.

पोरगा हुशार होता, आणि हेच सांगायला मी लिहायला बसलोय. त्याने सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या नऊ खऱ्या निघाल्या. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी रोगकारक बुरशीच्या तंतूंना वेटोळे घालते, कायटिनेजसारखी विकरं सोडून त्यांची भिंत विरघळवते. खरं. बॅसिलस सबटिलिस हा जिवाणू बुरशीला रोखणारी रसायनं तयार करतो. तेही खरं. मग त्याने मोबाईलवर एक लेख दाखवला: ॲराबिडॉप्सिस नावाच्या रोपातलं ईएफआर हे जनुक टोमॅटोत घातलं, तर झाड जिवाणूंना लवकर ओळखतं आणि रोगाला दाद देत नाही. हे संशोधन 2010 मध्ये प्रसिद्ध झालेलं आहे, मी नंतर शोधून पाहिलं.

दहावी गोष्ट अशी: “दादा, ट्रायकोडर्मा, बॅसिलस आणि तेच जनुक, सगळं या पावडरीत आहे. आळवणी केली की झाडात उतरतं. करपा, मर, सगळ्यावर एकच औषध.”

आता हसू येतं. जनुक झाडाच्या पेशीतल्या डीएनएमध्ये प्रयोगशाळेत बसवावं लागतं, त्या पेशीपासून रोप वाढवावं लागतं. मुळाशी पाणी ओतून ते झाडात जात नाही. पण डोळ्यांदेखत प्लॉट चाललेला असताना एवढा विचार कोण करतो? शिवाय आधीच्या नऊ गोष्टी पटलेल्या होत्या ना! मी पावडरीच्या बारा पिशव्या घेतल्या.

मी एक प्रश्न विचारला होता, पण उत्तराकडे लक्ष दिलं नाही. “यासोबत कॉपर चालेल का?” तो म्हणाला, “कशातही मिसळा.” तांबायुक्त औषध बुरशी आणि जिवाणू मारण्यासाठीच फवारतात. जिवंत जिवाणू असलेलं औषध त्यात बिनधास्त कालवा असं जो म्हणतो, त्याच्या पिशवीत जिवंत काही आहे का, अशी शंका तेव्हाच यायला हवी होती. पिशवीवर बॅच नंबर नव्हता, वापराची मुदत नव्हती, एका ग्रॅममधून किती वसाहती उगवतील तो सीएफयूचा आकडाही नव्हता. डीएनएच्या पिळाचं चित्र मात्र मोठं होतं.

दोन आळवण्या झाल्या. झाडं मरतच राहिली.

मग भाची सुट्टीला आली. ती सूक्ष्मजीवशास्त्र शिकते. तिने एक मरकं झाड उपटलं, बुडख्याजवळचा खोडाचा तुकडा धारदार सुरीने कापला आणि स्वच्छ पाण्याच्या ग्लासात उभा टांगून धरला. दोन-तीन मिनिटांत कापाच्या तोंडातून दुधासारखी पांढरी, बारीक धार पाण्यात उतरायला लागली, उदबत्तीच्या धुराची रेघ उलटी धरावी तशी. “मामा, ही जिवाणूजन्य मर आहे. रालस्टोनिया. बुरशीची मर असती तर खोड आतून तपकिरी दिसलं असतं, पण ही धार आली नसती.” म्हणजे रोग कोणता हेच मला माहीत नव्हतं. एकदा हा जिवाणू झाडात शिरला की अस्सल ट्रायकोडर्माही त्या झाडाला वाचवत नाही; झाड मुळासकट उपटून लांब टाकायचं आणि तिथलं पाणी पुढच्या सरीत जाऊ द्यायचं नाही. मी तर पाणी वाढवून रोग सरीसरीने पोचवत होतो.

तिने उरलेली पावडर दुसऱ्या ग्लासात कालवली आणि रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी पांढरा शंखजिऱ्याचा थर, वर शाईसारखं नितळ हिरवं पाणी. ट्रायकोडर्माचा हिरवा रंग त्याच्या बीजाणूंचा असतो, तो असा पाण्यात विरघळत नाही; पाणी गढूळ दिसायला हवं होतं. हा रंग घातलेला होता. जाताना ती नमुना घेऊन गेली, कॉलेजातल्या चांगल्या ट्रायकोडर्माशेजारी बशीत वाढवायला ठेवला. चांगल्याची बशी चार-पाच दिवसांत हिरवी झाली. माझ्या नमुन्याच्या बशीत ट्रायकोडर्मा नव्हताच, दोन-तीन किरकोळ ठिपके तेवढे उगवले. (घरी उकडलेल्या धान्यावर हिरवी बुरशी आली म्हणजे ट्रायकोडर्मा, असंही समजू नका. पेनिसिलियमही हिरवीच असते.)

मित्रजीवाणू आणि मित्रबुरशीवर माझा राग नाही. पुढच्या लागवडीला मरप्रतिकारक खुंटावर कलम केलेली रोपं घेतली आणि ट्रायकोडर्मा लावणीआधी शेणखतात मुरवून दिला. तो रोग येण्याआधी द्यायचा असतो.

तक्रार करायला दोन सीलबंद पिशव्या आणि बिल घेऊन गेलो. समोरच्या साहेबांनी बिल दोनदा वाचलं आणि माझ्याकडे सरकवलं. त्यावर लिहिलं होतं, ‘सेंद्रिय खत, 12 नग.’

“यात औषध कुठे आहे?” त्यांनी विचारलं.