वाघोलीतील घरपोच पाणीसेवा : पाणी चांगले, पण जारचे काय?

टँकरवर अवलंबून असलेल्या वाघोलीतील आमच्या सोसायटीत पिण्यासाठी वीस लिटरचे जार घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि गेली दोन वर्षे आम्ही एकाच पुरवठादाराकडून पाणी घेत आहोत. त्याचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण जो दोष सांगायचा आहे तो त्याचा एकट्याचा नाही आणि सध्याच्या नियमांत तो दोष म्हणून मोजलाही जात नाही.

सेवा म्हणून पाहिले तर तक्रारीला जागा नाही. सकाळी आठच्या आत जार दारात येतो, बुचाचे सील शाबूत असते, पाण्याला वास नसतो, आणि लिफ्ट बंद असली तरी जार पोचवणारा मुलगा तिसऱ्या मजल्यावर येऊन तो डिस्पेन्सरवर चढवून देतो. एका जारला ६० रुपये पडतात. सील नसलेल्या थंड पाण्याच्या सुट्या जारपेक्षा हे महाग असले तरी वेष्टनावर परवाना क्रमांक आणि तारीख असते, त्यामुळे तो फरक मला योग्यच वाटतो.

माझी लेक बाळंतपणासाठी माहेरी आली, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने बाळाला काही दिवस वरचे दूध द्यावे लागले, तेव्हा या जारकडे मी प्रथमच नीट पाहिले. दुधाच्या बाटलीच्या खोक्यावर ‘बीपीए-मुक्त’ असे ठळक लिहिलेले होते. त्याच बाटलीत मी जारमधले पाणी उकळून ओतत होते. रिकामा जार उलटा केला, तर तळाशी त्रिकोणात ७ हा आकडा आणि खाली ‘पीसी’ ही अक्षरे होती. पीसी म्हणजे पॉलिकार्बोनेट, आणि ते बिस्फेनॉल-ए, म्हणजेच बीपीए, या रसायनापासूनच बनवतात. पाणी कितीही उकळले तरी हे रसायन वाफेबरोबर उडून जात नाही.

बिस्फेनॉल-ए शरीरात इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकासारखे वागू शकते, हे १९३६ पासून ठाऊक आहे. ते पॉलिकार्बोनेटमधून पाण्यात उतरते, हे १९९३ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात अरुणा कृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्यांच्या प्रयोगशाळेतील पॉलिकार्बोनेटचे चंबू वाफेने निर्जंतुक करताना ते त्यातल्या पाण्यात मिसळत होते. मला मात्र क्लीव्हलंडमधली १९९८ ची घटना अधिक अस्वस्थ करते. पॅट्रिशिया हंट यांच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पॉलिकार्बोनेटचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या चुकून तीव्र द्रावणाने धुतल्या गेल्या, प्लॅस्टिक झिजले, आणि माद्यांच्या बीजांडांतील गुणसूत्रांच्या मांडणीत एकाएकी बिघाड वाढलेला आढळला. आमच्याकडे येणारा जारही धुऊन पुन्हा भरलेला असतो, त्याच्या अंगावर चरे पडून तो धुरकट झालेला असतो, आणि मे महिन्यात तो उघड्या टेम्पोत तासन्तास उन्हात तापत उभा असतो.

भारतीय मानक आयएस १४६२५ नुसार दूध पाजण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटलीत बिस्फेनॉल-ए चालत नाही. जारच्या बाबतीत मात्र प्लॅस्टिकमधून एकूण किती द्रव्य उतरावे याची मर्यादा, म्हणजे लिटरमागे ६० मिलिग्रॅम, एवढाच आधार आहे. बाळाची बाटली कायद्याने राखली, पण तिच्यात जाणारे पाणी ज्यात साठवले जाते तो जार मोकळा सोडला, ही विसंगती मला मान्य होत नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मसुद्यात अन्नाच्या संपर्कात येणारे पॉलिकार्बोनेट बिस्फेनॉल-ए-मुक्त असावे असे म्हटले, ही मोठी गोष्ट आहे. कारण ती अट काटेकोर पाळायची तर असे जार जवळजवळ बादच करावे लागतील.

युरोपने हा निर्णय आधीच घेतला. तेथील अन्न सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला चालण्याजोगे प्रमाण ४ मायक्रोग्रॅमवरून ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणले. जर्मनीच्या जोखीम-मूल्यमापन संस्थेला हे पटले नाही. पण तिने सुचवलेले ०.२ मायक्रोग्रॅम हे प्रमाणही जुन्या मर्यादेच्या विसाव्या भागाइतकेच आहे. त्यानंतर डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कातील वस्तूंत बिस्फेनॉल-ए वापरण्यावर बंदीचा नियम केला, बहुतेक वस्तूंना अठरा महिन्यांची मुदत दिली, आणि त्याच कुळातील इतर घातक बिस्फेनॉलांनाही त्यात घेतले. हे शेवटचे कलम फार महत्त्वाचे, कारण ‘बीपीए-मुक्त’ म्हणवणाऱ्या काही वस्तूंत बिस्फेनॉल-एस हे त्याचेच भावंड असते.

मी पुरवठादाराला फोन करून जार कशाने धुता आणि किती वर्षे वापरता, असे विचारले. धुण्याविषयी त्यांनी मोकळेपणाने सांगितले, की गरम पाणी आणि कॉस्टिक सोडा वापरतात. जारच्या वयाची नोंद मात्र त्यांच्याकडे नव्हती. “काकू, फुटेपर्यंत चालतो,” असे उत्तर मिळाले. या सेवेचे माझ्या लेखी गुण कमी होतात ते इथे.

त्यांच्याकडे पेट प्लॅस्टिकचे जारही आहेत, ते मागितल्याशिवाय सांगत नाहीत. त्यांच्या तळाशी १ हा आकडा असतो आणि त्यांच्या घडणीत बिस्फेनॉल-ए लागत नाही. ते फार गरम पाण्याने धुता येत नाहीत आणि लवकर बाद होतात, म्हणून जारमागे दहा रुपये जास्त घेतात. मी ते देते. तीन महिन्यांत दोनदा पुन्हा ७ आकड्याचा जार आला. दोन्ही वेळा मुलाने तो कुरकूर न करता बदलून दिला. वेळ आणि स्वच्छतेसाठी पाचपैकी चार तारे, जारसाठी दोन. त्यांच्याकडून पाणी घेणाऱ्यांनी ‘पेटचाच जार’ असे स्पष्ट सांगावे, टेम्पो निघून जाण्यापूर्वी तळ पाहून घ्यावा, आणि जार आला की पाणी लगेच स्टीलच्या पिंपात काढावे.