मायएसक्यूएलचा कमांड लाइन क्लायंट: वर्षभर वापरल्यानंतर

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या नोंदी मी मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये सांभाळते. रोज रात्री पीएचपी भाषेतली एक स्क्रिप्ट (छोटा प्रोग्राम) चालते आणि ज्यांची पुस्तकं परत यायची राहिलीत त्यांची यादी काढते. सकाळी ग्रंथपाल काका ती यादी समोर ठेवून फोन लावतात.

मागच्या श्रावणात उबंटूचा (लिनक्सचा एक प्रकार) नवा संगणक आला. वेब सर्व्हर, पीएचपी, डेटाबेस असं सगळं एका फोल्डरात देणारं एक पॅकेज त्यावर टाकलं होतं. ब्राउझरमध्ये सगळं छान चालायचं. टर्मिनलमधून स्क्रिप्ट चालवली की मात्र एरर २००२, ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. तीन संध्याकाळी मी हरवलेली फाइल शोधत बसले. स्क्रिप्ट जागेवर, कॉन्फिग जागेवर, परवानग्याही बरोबर. आणि काकांकडे तीन सकाळी यादी नाही.

शेवटी मायएसक्यूएलसोबत येणारा साधा कमांड लाइन क्लायंट, म्हणजे टर्मिनलमध्ये टाइप करून डेटाबेसशी बोलायचा प्रोग्राम, उघडला. ना खिडक्या, ना बटणं. तेच युजरनेम, तोच पासवर्ड, होस्ट ‘लोकलहोस्ट’, म्हणजे हाच संगणक. पहिल्या फटक्यात आत! मग स्क्रिप्टचं काय बिघडलंय?

आत ‘स्टेटस’ टाइप केलं. या साधनातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच. तुम्ही कोणत्या वाटेने आत आलात ते ते स्पष्ट सांगतं: टीसीपी (नेटवर्कची वाट) की युनिक्स सॉकेट (एकाच संगणकावरचे प्रोग्राम जिच्यातून एकमेकांशी बोलतात ती खास फाइल), आणि सॉकेट असेल तर त्याचा पूर्ण पत्ता. माझं कनेक्शन सॉकेटवरून होतं आणि ती सॉकेट फाइल पॅकेजच्या फोल्डरात होती. लिनक्सवर ‘लोकलहोस्ट’ लिहिलं की नेटवर्कची वाट धरलीच जात नाही, सॉकेट शोधलं जातं. पोर्ट दिला तरी मायएसक्यूएलचा क्लायंट तो विचारात घेत नाही. म्हणजे हरवलेली ‘फाइल’ हे सॉकेट होतं.

आता तक्रार, आणि ती मोठी आहे. क्लायंट होम फोल्डरमधली .माय.सीएनएफ ही सेटिंगची फाइल गुपचूप वाचतो. संगणक लावून देणाऱ्याने तिच्यात सॉकेटचा पत्ता लिहून ठेवला होता. पीएचपीचा ड्रायव्हर (त्याला डेटाबेसशी जोडणारा भाग) ती फाइल वाचत नाही. त्यामुळे क्लायंट जुळला म्हणून स्क्रिप्टही जुळेल असं मुळीच नाही, आणि क्लायंट याबद्दल चकार शब्द काढत नाही. ‘--नो-डिफॉल्ट्स’ (अशा सेटिंग फाइली वाचू नकोस) हा पर्याय सगळ्यांत आधी लिहून पुन्हा चालवला तेव्हा तोही अडला, पण कुठे अडला ते पत्त्यासकट सांगून: /व्हार/रन/मायएसक्यूएलडी/ मधलं सॉकेट सापडत नाही. पीएचपीने हा पत्ता कधी दाखवलाच नव्हता.

पुढचं काम दहा मिनिटांचं. ‘व्हिच पीएचपी’ने दाखवलं की टर्मिनलमधला पीएचपी उबंटूचा आहे, पॅकेजमधला नाही. ‘पीएचपी --आयएनआय’ने त्याची सेटिंग फाइलही वेगळी असल्याचं सांगितलं. ब्राउझरमधलं पान चालायचं ते पॅकेजच्या पीएचपीवर, म्हणून तिथे अडचण नव्हती. स्क्रिप्टच्या कनेक्शन ओळीत होस्टऐवजी सॉकेटचा पूर्ण पत्ता घातला. होस्ट म्हणून १२७.०.०.१ (याच संगणकाचा नेटवर्क पत्ता) लिहूनही काम झालं असतं, कारण मग टीसीपीची वाट धरली जाते. पण एकाच संगणकावर सॉकेट मला अधिक पसंत.

ज्यांची स्क्रिप्ट क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणारी सोय) चालते त्यांनी क्लायंटची चाचणीही क्रॉनच्याच युजरने करावी, कारण होम फोल्डर बदललं की .माय.सीएनएफही बदलते. पासवर्ड मात्र कमांडमध्ये लिहू नका, तो टर्मिनलच्या हिस्टरीत राहतो. नुसतं लहान अक्षरातलं ‘-पी’ (-p) द्या, क्लायंट स्वतः विचारतो. आणि एरर १०४५ आली तर सॉकेटच्या मागे लागू नका. सर्व्हर सापडलेला असतो, नकार युजर किंवा पासवर्डला असतो.

चित्रमय साधनं मीही वापरते, तक्ते बघायला ती बरी. पण जुळणीच अडली असेल तर आधी हाच क्लायंट, ‘--नो-डिफॉल्ट्स’सकट. चौथ्या सकाळी काकांच्या टेबलावर यादी होती.