सान्रिकूच्या दोन त्सुनामी: १८९६ आणि १९३३
जपानच्या सान्रिकू किनाऱ्यावर दोन्ही आल्या, पण १८९६ ची मला जास्त भयंकर वाटते. तिने कुणाला सावध होऊच दिलं नाही. १५ जूनची संध्याकाळ, घरोघरी सण. भूकंपाचा धक्का इतका सौम्य, की फारसं कुणी जागचं हललं नाही. समुद्रतळाखालचा प्रस्तरभंग, म्हणजे खडकांमधली मोठी भेग, संथपणे सरकला होता. त्यामुळे जमीन कमी हादरली, पाणी मात्र प्रचंड उचललं गेलं. सुमारे अर्ध्या तासाने लाटा आल्या, एके ठिकाणी तर ३८ मीटर उंचीपर्यंत चढल्या. सुमारे २२,००० माणसं गेली.

३ मार्च १९३३ चा भूकंप मध्यरात्रीनंतरचा, पण जोरदार. आधीची आठवण असलेले कितीतरी लोक थंडीत उंचावर धावले. तरीही सुमारे ३,००० बळी गेले. त्यानंतर बऱ्याच वस्त्या उंचावर हलवल्या.