पोकेमॉन स्कार्लेट, 14 महिन्यांनंतर: शून्य वेगाच्या कासवासाठी

एप्रिलमधली दुपार, चोपड्यात वीज गेलेली, पंखा बंद. मी ओट्यावर बसून गेममधल्या मेसागोझा शहराच्या मोठ्या चौकात कोराइडॉनला, म्हणजे माझ्या स्वारीच्या पोकेमॉनला, गोल गोल पळवत होतो. पथकात पाच अंडी (फिरत राहिलं की ती फुटतात) आणि ती लवकर फुटावीत म्हणून फ्लेम बॉडी हा गुणधर्म असलेला फ्लेचिंडर नावाचा पोकेमॉन. मायने पाणी आणून दिलं म्हणून अंगठा काढला, तरी कोराइडॉन डावीकडे चालतच राहिला. कन्सोलची डावी स्टिक गेली होती.

कन्सोल जुना घेतलेला आहे आणि 14 महिने मी त्याच्यावर अंडी उबवण्यासाठी गोल फिरतोय, त्यामुळे स्टिक झिजली यात मला नवल वाटलं नाही. राग आला तो दुरुस्तीच्या वेळी. माझ्या मॉडेलचे कंट्रोलर सुटे होत नाहीत, पूर्ण यंत्रच दुकानात द्यावं लागतं. जळगावच्या एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने यंत्र न उघडताच सांगितलं, "7,000 लागतील आणि फॉरमॅट मारावा लागेल." स्टिक बदलायला फॉरमॅट कशाला? या गेमचं सेव्ह क्लाउडवर जात नाही, ते यंत्राच्या पोटातच असतं. फॉरमॅट म्हणजे माझी 14 महिन्यांची पैदास एका बटणात साफ. मी तीनदा विचारलं, तीनदा एकच उत्तर, "आमची पद्धत आहे." यंत्र उचललं, बस धरली आणि चोपड्यात परत आलो. स्टिकचा सुटा भाग ऑनलाइन मागवला. मोबाईल दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या पोराने तो माझ्यासमोर 40 मिनिटांत बसवला, भाग आणि मजुरी धरून 550 रुपये. डेटाला हात लागला नाही. तुमचं यंत्र बिघडलं तर आधी एवढंच विचारा की सेव्ह राहणार का. उत्तर नीट मिळालं नाही तर यंत्र त्या हातात देऊ नका.

आता गेमबद्दल. स्कार्लेट 18 नोव्हेंबर 2022 ला आला, त्यामुळे पाल्डेआ हा प्रदेश, पोकेमॉनचा प्रकार बदलणारं टेरा, तीन वाटांची गोष्ट हे सगळं तुम्हाला ठाऊकच असणार. मी फक्त पैदास आणि तयारीबद्दल लिहितोय. दोन महिने खेळून झाल्यावर माझं मत अगदी उलटं होतं. भाच्याला फोनवर सांगितलं होतं की अंडी उबवणं आता उगाच आहे. बॉटल कॅप ही वस्तू दिली की लेव्हल 50 पासून हायपर ट्रेनिंग होतं आणि कमी पडलेला जन्मजात गुण (वेग, हल्ला असे सहा, प्रत्येक 0 ते 31) 31 असल्यासारखा चालतो. मिंट खाऊ घातली की स्वभावाचा परिणामही बदलतो. मग रानात धरलेला कुठलाही पोकेमॉन लढाईला उभा करता येतो, पिढ्यान् पिढ्या कशाला काढायच्या? 1999 साली गोल्ड-सिल्व्हरमध्ये पैदास पहिल्यांदा आली, तिचं काम आता संपलं, असं माझं ठाम मत झालं होतं.

ते मत एका रँक सामन्यात गेलं.

माझा संघ ट्रिक रूमचा. फॅरिगिराफ हा पोकेमॉन ट्रिक रूम ही चाल लावणार, मग पाच फेऱ्या मंद असेल तो आधी मारणार. त्यातली एक फेरी लावण्यातच जाते, म्हणजे हातात चारच. त्या चार फेऱ्यांत टॉरकोल, ते पाठीतून धूर सोडणारं कासव, इरप्शन मारणार. पूर्ण ताकदीत (एचपी) 150 ची चाल, समोरच्या दोघांनाही लागते, पण आपली ताकद कमी झाली की चालही तितकीच ढिली पडते. म्हणून टॉरकोलने आधी मारणं हेच सगळं. समोरच्याकडेही टॉरकोल होता. ट्रिक रूम मी लावली आणि इरप्शन त्याने आधी मारलं. माझं कासव अर्ध्यावर आलं आणि माझं इरप्शन फुसकं निघालं. माझीच ट्रिक रूम आणि मार मलाच.

त्या रात्री वही काढून हिशेब केला. टॉरकोलचा मूळ वेग 20. लेव्हल 50 ला, वेग घटवणाऱ्या क्वाएट स्वभावाने, वेगाचा जन्मजात गुण 31 असेल तर आकडा येतो 36. तोच गुण 0 असेल तर 22. माझं कासव 36 चं होतं, कारण कॅप लावताना मी सहाही गुण भरून टाकले होते, सगळं पूर्ण असावं म्हणून. आणि कॅप फक्त वर नेते, खाली आणत नाही. 31 चा 0 करायची सोय या गेममध्ये कुठेच नाही. शून्य हवं असेल तर ते जन्मानेच आलं पाहिजे.

आमचे शिरपूरचे काका दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेत जातात. घोडा घेतात क्वचितच, पण पाहतात सगळे. गेल्या खेपेला त्यांच्याबरोबर होतो. तापीच्या काठावर एका पांढऱ्या शिंगराजवळ ते थांबले, जबडा धरला, अंगठ्याने ओठ वर केला, दात मोजले. मग कपाळावरचा भोवरा बोटाने चाचपला आणि मालकाला पहिला प्रश्न विचारला तो त्याच्या आईबापाबद्दल. मालक शिंगरू किती शिकवलंय ते सांगत राहिला. काका एवढंच म्हणाले, "आंगना गुन पोरमा उतरस, शिकाडेल नही उतरस." गेममध्ये नियम हाच आहे. कॅप लावून वाढवलेला गुण अंड्यात जात नाही, जन्माचा असतो तोच जातो. हे वाक्य मला त्या वहीच्या रात्री आठवलं.

मग टॉरकोल धरायला निघालो. एखादा गुण 0 असण्याची शक्यता 32 त एक. एकेक धरायचा, बॉक्समध्ये जाऊन जजचा षटकोन (सहा गुणांचा आलेख) उघडायचा आणि वेगापुढे काय लिहिलंय ते पाहायचं. आधी मी "बेस्ट" शोधायचो, आता "नो गुड" (म्हणजे 0) शोधत होतो. 41 व्या कासवाच्या वेगापुढे "नो गुड" दिसलं तेव्हा मी ओट्यावरून उठून घरात एक चक्कर मारून आलो. तो नर होता.

खरं डोकं पुढे लागतं. आईबाप दोन, म्हणजे हातात वस्तू दोनच देता येतात, आणि हव्या असतात तीन. एव्हरस्टोन दिला तर स्वभाव नक्की उतरतो. पॉवर अँकलेट दिलं तर त्या पालकाचा वेग नक्की उतरतो. डेस्टिनी नॉट दिली तर दोघांच्या मिळून बारा गुणांतले पाच उतरतात, नाहीतर तीनच. मी आधी क्वाएट मादीला एव्हरस्टोन आणि शून्य वेगाच्या नराला अँकलेट दिलं. पिल्लं सगळी क्वाएट, सगळी शून्य वेगाची, बाकी गुण नशिबावर. त्यातली चांगली मादी ठेवली आणि बापाबरोबर लावली. आता वेग दोघांचाही शून्य, त्यामुळे अँकलेटची गरजच संपली. ते काढून डेस्टिनी नॉट लावली. नॉट सहापैकी पाच जागा भरते, म्हणजे शून्य वेग जवळपास सहात पाच वेळा आपोआप उतरतो. ही अदलाबदल मला कोणी सांगितली नाही, वहीत खोडाखोड करून सापडली. या गेमने मला दिलेला सगळ्यात मोठा आनंद हाच.

अंडी आता जुन्या गेमसारखी डे केअरमध्ये मिळत नाहीत, सहलीत टेबलाजवळच्या टोपलीत येतात, एका वेळी जास्तीत जास्त दहा. लवकर यावीत म्हणून ग्रेट पीनट बटर सँडविच करायचं: केळं, पीनट बटर आणि बटर. एग पॉवर दुसऱ्या पातळीची मिळते, अर्धा तास टिकते. घरामागे केळीचे घड उभे आहेत आणि मी पडद्यावर केळ्याच्या फोडी पावावर मांडतोय, हे पाहून बाबांनी विचारलं की तिथे कुठली जात लावतात. केळीवरूनच मी त्यांना हा खेळ समजावला. टिश्यू कल्चरचं रोप म्हणजे मातृरोपाची हुबेहूब नक्कल, सगळी बाग एकसारखी. अंड्यात दोघांची सरमिसळ, म्हणून दर पिल्लाला षटकोन उघडून पाहावं लागतं. त्यांना ते लगेच पटलं.

आता तक्रार, आणि ही मी कितीही वेळा लिहीन: अंडं फुटण्याचं दृश्य टाळता येत नाही. टोपलीतून दहा अंडी काढायची तर प्रत्येकासाठी वेगळं बटण, वेगळा प्रश्न, वेगळं होय. मग फिरायचं. फिरता फिरता गेम थांबतो, पडदा बदलतो, अंडं हलतं, तडकतं, प्रकाश येतो, पिल्लू दिसतं, मग परत चौकात. एकदा पाहायला छान आहे. तीनशे अंड्यांना तीनशे वेळा का? त्या प्रत्येक वेळी फिरण्याची लय तुटते, अंगठा उचलावा लागतो आणि परत स्टिक दाबावी लागते. "दृश्य नको" एवढा एक पर्याय सेटिंगमध्ये असता तर माझे कित्येक तास वाचले असते. ग्राफिक्स अडखळतात, गर्दीत लोक दूरून तुकड्या-तुकड्याने हलतात, त्याचं मला काहीच वाटत नाही. हे दृश्य मात्र खटकतंच.

तयारीचा भाग सोपा झालाय, पण महाग. एकूण 510 ईव्ही (सरावाने मिळवायचे गुण), एका गुणाला जास्तीत जास्त 252. टॉरकोलला ताकद आणि विशेष हल्ला भरायचे. टॉनिक एक 10,000 ला, एकाने 10 वाढतात, म्हणजे एका गुणाला 26 बाटल्या, दोन गुणांना 5,20,000. पैसे गेममधले असले तरी माझा हात जात नाही. पॉवर वस्तू हातात देऊन रानातल्या लढतींमधूनच भरतो. वेळ लागतो, पैसा राहतो.

धुळ्याचा भाचा मध्यंतरी म्हणाला, "मामा, एवढं कशाला, बाहेर तयार सहा मिळतात, पैसे टाकले की झालं." म्हणजे संगणकावर बनवलेले. मी त्याला 2023 चं योकोहामाचं जागतिक अजिंक्यपद सांगितलं. तिथे तपासणीत असे बनवलेले पोकेमॉन सापडले म्हणून काही खेळाडूंना बाद केलं होतं. तो गप्प बसला, पण पटलं नव्हतं. मलाही नियमापेक्षा दुसरंच सांगायचं होतं: विकत घेतलेल्या कासवाचा वेग 22 का आहे हे त्याला कधी कळलंच नसतं.

माझ्या कासवाचं नाव तापी. वेग 22. हवामानाच्या भांडणातही ते उपयोगी पडतं. टॉरकोल आणि पेलिपर एकदम मैदानात आले की पेलिपरचा पाऊस आधी सुरू होतो, मंद टॉरकोलचं ऊन नंतर येतं आणि ऊनच टिकतं.

गेल्या रविवारी भाचा चोपड्याला आला होता. तापीचं एक अंडं न फोडता त्याला दिलं. फ्लेचिंडर त्याच्याकडे नव्हता, म्हणून तोही दिला. सोमवारी रात्री साडेअकराला धुळ्याहून फोन. मागे ताईचा आवाज येत होता, झोप म्हणून. तो कुजबुजत बोलत होता, "मामा, फुटलं. वेग नो गुड. थांबा, हल्लापण नो गुड, आता काय करू?" त्याला म्हटलं, टॉरकोल विशेष हल्ल्यावर खेळतो, साध्या हल्ल्याचं काम नाही. उलट फाउल प्ले ही चाल आपल्याच हल्ल्याच्या जोरावर आपल्याला मारते, तिचा मार यावर कमी बसेल. मला अजून दोन्ही शून्य एकत्र मिळालेली नाहीत. त्याला सांगितलं, दिवाळीला येशील तेव्हा ते घेऊन ये, टोपली मी तयार ठेवतो.