चवथीला माटोळी की कापडी फुलं?

गोव्यात चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, कापडी फुलांची सजावट तासाभरात उभी राहते, पुढच्या वर्षीही चालते. नोकरीच्या घाईत ही मोठी सोय आहे, हे मान्य.

पण मला माटोळीच हवी. गणपतीच्या डोक्यावर टांगलेली लाकडी चौकट, तिला नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, चिबूड, तोरिंगण (पपनस) आणि कांगलां ही रानफळं. ती बांधायला घरातले चौघे लागतात. आजोबा गाठी शिकवतात, मुलं रानफळांची नावं शिकतात. म्हापशाच्या बाजारात सगळं मिळतं, मात्र दर चढे असतात. थोडं तरी स्वतः रानातून आणावं.

जेवणाचंही तसंच. केटररच्या पनीरपेक्षा तेफळ (तिरफळ) घातलेलं अनेक भाज्यांचं खतखतं आणि हळदीच्या पानात उकडलेल्या गोड पातोळ्या पंगतीला शोभतात. विसर्जनानंतर माटोळीतले नारळ, केळी शेजारी वाटता येतात.