लोकल इंडिकेटर स्विच: सात महिन्यांच्या वापरानंतर

माझ्या 125 सीसी मोटारसायकलचा डावा इंडिकेटर गेल्या दिवाळीच्या सुमारास बिघडला. उजवीकडचा नीट लुकलुकत असे. डावीकडचा मात्र बटण अंगठ्याने डावीकडे दाबून धरले तरच लागे आणि अंगठा उचलताच विझे. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतील टॉवेलच्या कारखान्यात मी रोज गाडीने जातो. सात रस्ता चौकाच्या गर्दीत हात बाहेर काढून वळण्याची पाळी आली, तेव्हा गॅरेज गाठले.

मिस्त्रींनी आधी फ्लॅशर, म्हणजे दिवे लुकलुकवणारा भाग, बदलला आणि दोष जागच्या जागी राहिला. माझ्या गाडीत दोन्ही बाजूंना एकच फ्लॅशर आहे, त्यामुळे उजवी बाजू चालू असताना त्याच्यावर संशय घेण्याचे कारणच नव्हते. हे मला पैसे दिल्यावर सुचले. कंपनीचा स्विच मागवावा लागणार होता, म्हणून 280 रुपयांचा लोकल स्विच बसवून घेतला आणि जुना पिशवीत टाकून घरी आणला.

पहिले चार महिने तक्रारीला जागा नव्हती. बटणाचा ‘टक्’ आवाज तर मूळ स्विचपेक्षाही खणखणीत होता. पारा 42 अंशांच्या पुढे गेला आणि गाडी दिवसभर कारखान्याबाहेर उन्हात तापू लागली, तसे बटण सैल पडत गेले. इंडिकेटर बंद करायला दाबल्यावर ते मधोमध येऊन थांबायला हवे. ते जरासे डावीकडेच रेंगाळे आणि इंडिकेटर चालूच राही. आसरा चौकापासून मागे असलेल्या रिक्षावाल्याने अखेर शेजारी येऊन, ‘अहो, वळणार आहात की नाही?’ असे विचारले. जूनच्या पहिल्या पावसानंतर डावा दिवा मंदही झाला.

मग एका रविवारी दोन्ही स्विच उघडले. बटणाखालची स्प्रिंग आणि ज्वारीच्या दाण्याएवढी पोलादी गोळी निसटून पायपुसण्याखाली गेली, त्यात अर्धा तास गेला. स्विच परातीत ठेवून उघडावा, हे तेव्हा कळले. लोकल स्विचमध्ये ही गोळी ज्या प्लॅस्टिकच्या खाचेत बसते, ती खाचच झिजली होती आणि तांब्याची पट्टी कागदासारखी पातळ होती. मूळ स्विचची पट्टी जाड होती, पण तिच्यावर जुने ग्रीस आणि आमच्या कारखान्यातील सुताची तूस यांचा काळा लगदा साचला होता.

मूळ स्विचच्या मधल्या वायरीत फ्लॅशरकडून वीज येते आणि उरलेल्या दोन वायरी डाव्या-उजव्या दिव्यांकडे जातात. बटण डावीकडे सरकवून मधल्या आणि डाव्या वायरीला मल्टिमीटर लावला. रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, जवळजवळ शून्य यायला हवा होता. तो 4 ते 11 ओहमच्या दरम्यान नाचत होता. दहा वॉटच्या दोन बल्बांचा मिळून पेटता रोधच सुमारे 7 ओहम असतो, तेव्हा दिव्याच्या वाट्याला काय उरणार? हँडलजवळ वायर तुटली असेल तर हँडल फिरवताना आकडा बदलतो, म्हणून स्विच पुन्हा गाडीला लावून तेही पाहिले. आकड्यावर हँडलचा काही परिणाम दिसला नाही. एका बाजूचा बल्ब उडाला असता तर माझ्या गाडीत इंडिकेटर घाईघाईने लुकलुकला असता, तसेही नव्हते.

पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून 1000 नंबरचा पॉलिश पेपर अगदी हलक्या हाताने फिरवला. पेट्रोलने धुण्याचा सल्ला अनेकांनी दिला होता, पण त्याने प्लॅस्टिक खराब होऊ शकते म्हणून मी तो मानला नाही. नंतर ग्रीसचे बोट नुसते टेकवले. जास्त ग्रीस म्हणजे तुसेला आमंत्रणच. मीटरवर आता 0.2 ओहम दिसतो, आणि मूळ स्विच गाडीवर परत बसवल्याला दोन महिने झाले आहेत.

कंपनीचा स्विच येईपर्यंतची सोय म्हणून लोकल स्विच घ्यायला हरकत नाही. कायमचा म्हणून मी तो पुन्हा घेणार नाही. त्याचे हॉर्नचे बटण मात्र शेवटपर्यंत उत्तम चालले.